न पाळलेलं सुतक : अकरावीतल्या एका मुलाचं प्रकरण

सर्वपित्री अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी तो मुलगा डोक्याचा तुळतुळीत गोटा करून वर्गात आला. मागच्या बाकांवरून ‘ओ टकल्या’ सुरू झालं. मी हजेरी घेत होते. मान वर करून एकदा त्याच्याकडे पाहिलं, पोरांना गप्प केलं आणि पुढचा नंबर पुकारला. या प्रकरणातलं सगळं काही त्या सकाळी माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी ते वाचलं नाही. मी मराठी शिकवते, वाचायला शिकवणं हेच माझं काम. म्हणून हे प्रकरण जसं घडलं तसं लिहून ठेवते आहे. मुलाची आणि त्याच्या आईवडिलांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, आणि मुलाला कुठलंही खोटं नाव न देता ‘मुलगा’च म्हटलं आहे.

पार्श्वभूमी

वय सोळा. गाव काटोलच्या बाजूचं, घरी संत्र्याची बाग. दहावीला तालुक्यात चांगले गुण पडले, तसं घरात ठरलं की पोट्टा डॉक्टर होणार. जूनमध्ये त्याला नागपूरला आणलं, एका कोचिंग क्लासमध्ये नीटसाठी नाव घातलं, फीचा पहिला हप्ता बागेच्या पैशातून भरला. दोन मुलांसोबत रूम, मेसचा डबा. आमच्या ज्युनियर कॉलेजात प्रवेश घेतला तो बोर्डाच्या परीक्षेपुरता. विज्ञान शाखेची बरीच मुलं मराठीऐवजी माहिती तंत्रज्ञान घेतात, गुण जास्त पडतात म्हणून. याने मराठी घेतलं होतं, आणि माझ्या तासाला तो खरोखर येऊन बसायचा. एवढ्यावरून माझं त्याच्याकडे थोडं लक्ष होतं. पुरेसं नव्हतं.

ऑक्टोबरच्या मध्यावर वडील आले. उन्हाने रापलेला माणूस, हातात कापडी पिशवी. खुर्चीत नीट टेकलेही नाहीत.

‘‘मॅडम, पोट्टं बिघडून राहिलं. क्लासवाल्याचा फोन आला, तीन हप्त्यांपासून गेलाच नाही म्हणते. मेसचे पैसे पाठवले, तेही नाई भरले. विचारलं तर बोलत नाई. मले सांगा, याले काय कमी केलं आम्ही?’’

मुलगा दिवसभर कुठे असायचा ते त्याच्या रूमवरच्या मुलाने सांगितलं. मेट्रोत. ऑटोमोटिव्ह चौकातून बसायचं, सीताबर्डी ओलांडून थेट खापरीपर्यंत जायचं, बाहेर यायचं, पुन्हा तिकीट काढायचं आणि उलटं यायचं. मेसचे पैसे त्यात आणि चहात जात होते. कोणाशी भांडण नाही, व्यसन नाही, मुलगी नाही. वडिलांना त्याच गोष्टीचा जास्त त्रास होत होता. कारण सापडलं असतं तर त्यावर ओरडता तरी आलं असतं.

पहिलं पुस्तक, जे चुकलं

आमच्याकडे शनिवारी एक तास वाचनाचा असतो. अभ्यासक्रमाबाहेरचं काहीही वाचायचं, त्यावर बोलायचं. आठ-दहा मुलं येतात. मी त्याला त्या तासाला बोलावलं आणि मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ दिली. २००४ची कादंबरी, आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि शिरोडकर. मला वाटलं, आपल्या वयाचा मुलगा भेटेल, बोलता होईल. ही मास्तरांची नेहमीची घाई : मूल दुःखी दिसलं की त्याच्या वयाचा नायक शोधायचा, जणू वय जुळलं म्हणजे सगळं जुळलं.

दोन दिवसांत त्याने पुस्तक परत आणून दिलं.

‘‘वाचलंस?’’

‘‘अर्धं वाचलं. चांगलं आहे, मॅडम. त्यांचे मित्र चांगले होते.’’

पुस्तकात दोष नाही. पण मुकुंदाचं सगळं जग त्याच्या आजूबाजूला आहे : गल्ली, घर, दोस्त, बहीण. या मुलाचं सगळं मागे राहिलं होतं. त्याला ती कादंबरी खिडकीतून दिसणाऱ्या लग्नासारखी वाटली असावी.

मग ‘कोसला’ दिली. भालचंद्र नेमाड्यांची, १९६३ची. खेड्यातला मुलगा पुण्यात शिकायला येतो, होस्टेलवर राहतो, मेसचा सेक्रेटरी होतो, हिशोबात बुडतो, परीक्षांचं वाटोळं होतं, शेवटी हात हलवत गावी परत. हा मुलगा ती हळूहळू वाचू लागला. महिन्याभरात शंभर पानंही झाली नसतील, पण पुस्तक दप्तरात असायचं. वहीत कुठेकुठे ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ डोकावू लागले. मी ते खोडले नाहीत.

वडिलांची तक्रार

दिवाळीत मुलगा घरी गेला तेव्हा पुस्तक सोबत होतं. वडील दहावीपर्यंत शिकलेले. त्यांनी ते मधूनच उघडलं, आणि नेमकं मेसच्या हिशोबाचं आणि बापाच्या पैशाचं प्रकरण निघालं. सुट्टी संपताच ते कॉलेजात हजर.

‘‘मॅडम, हे असं पुस्तक देता तुम्ही पोराले? बापाचे पैसे उडवाचे, पास व्हाचं नाई, आन् वरतून बापालेच नावं ठेवाची! त्याच्यापेक्षा ‘श्यामची आई’ द्या ना. आम्हीबी वाचली होती शाळेत.’’

ही तक्रार मी हसण्यावारी नेली नाही, नेऊही नये. अमेरिकेत सॅलिंजरची ‘द कॅचर इन द राय’ १९५१ साली आली, आणि पुढे कित्येक शाळांतून पालकांच्या मागणीवरून ती काढून टाकली गेली. शाळेतून काढलेला, शिव्या देणारा, मोठ्यांना ढोंगी म्हणणारा नायक पोरांच्या हातात कशाला, हाच तिथल्या आईबापांचाही प्रश्न. पोराच्या भविष्यासाठी बाग गहाण पडेल की काय या धास्तीत जगणाऱ्या माणसाला तो प्रश्न पडणारच.

पण या कादंबऱ्यांबद्दल मोठ्या माणसांचा, माझ्यासकट, एक गैरसमज असतो. आपण त्या बंडखोरीच्या किंवा आळसाच्या गोष्टी म्हणून वाचतो. ‘कॅचर’चा नायक होल्डन कॉलफील्ड चार विषयांत नापास झाला, शाळेने काढला, घरी न सांगता न्यूयॉर्कमध्ये भटकला, एवढं आपल्या लक्षात राहतं. त्याचा धाकटा भाऊ ॲली ल्युकेमियाने गेलेला असतो. त्या रात्री तेरा वर्षांचा होल्डन गॅरेजमध्ये झोपतो आणि मुठीने तिथल्या सगळ्या काचा फोडतो. हाताची वाट लागते. दवाखान्यात असल्यामुळे तो भावाच्या अंत्यविधीला नसतो. पुढच्या तीन वर्षांतलं त्याचं सगळं ‘बिघडणं’ या एका जागेपासून मोजून पाहावं. ‘कोसला’तल्या पांडुरंग सांगवीकरचंही तसंच. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, आणि पुस्तकाचा स्वरच तिथे फाटतो. परीक्षा, पैसे, टवाळी हे सगळं त्या फटीभोवतीचं.

हे मला पाठ होतं. वर्गात शिकवलं होतं, त्यावर लिहिलंही होतं. आणि समोर गोटा केलेला मुलगा बसलेला असताना ते आठवलं नव्हतं.

शनिवारचा तास

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी पाऊस नसूनही फक्त चौघे आले. कोणाच्या तरी टेस्ट होत्या. मी पुस्तक न उघडता होल्डनची गोष्ट तोंडी सांगितली, आपल्या मराठीत. सेंट्रल पार्कचं तळं गोठल्यावर बदकं कुठे जातात हा त्याचा प्रश्न सांगितला, तेव्हा एक मुलगी म्हणाली, ‘‘आपल्या फुटाळ्याला बर्फच नाही होत.’’ मग त्याची लाल टोपी, ती उलटी घालणं. मग ॲली, त्याचा बेसबॉलचा हातमोजा, त्यावर हिरव्या शाईने लिहिलेल्या कविता. मग काचा, दवाखाना, आणि अंत्यविधीला तो नव्हता हे.

मुलगा खिडकीजवळ बसला होता. केस आता बोटभर वाढले होते. तो दुसरीकडेच बघत म्हणाला, ‘‘त्याला नेलं नाही की तो गेला नाही?’’

मी म्हणाले, ‘‘दवाखान्यात होता. हात मोडला होता.’’

‘‘म्हणजे नेलं नाही.’’

मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही. बाकीच्या तिघांनाही काहीतरी कळलं असावं, कारण एरवी टप टप बोलणारी ती मुलगी आपली बॅग आवरून दोघांना घेऊन बाहेर गेली. सोळा वर्षांच्या मुलांना किती समज असते याचा आपण कधी नीट हिशोबच करत नाही.

मुलाने सांगितलं ते असं. त्याचा आजा, घरात सगळे आबाजी म्हणायचे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. तो दिवस नागपुरात मारबतीचा. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे ईडापीडा घेऊन जाणारे मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात, सोबत बडगे नावाचे टवाळीचे पुतळे निघतात, सगळं इतवारी रस्त्यावर असतं. मुलगा रूमवरच्या पोरांसोबत पहिल्यांदाच मारबत बघायला गेला होता. गर्दीत, घामाघूम, ‘ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ म्हणत नाचला. त्याच वेळी गावात आबाजीला खांद्यावरून नेत होते. पुढच्या सोमवारपासून क्लासची मोठी टेस्ट. घरच्यांनी ठरवलं, परीक्षा होऊ द्या, मग सांगू. त्याला कळलं ते अठराव्या दिवशी. तेव्हा दहावं झालं होतं, तेरावी झाली होती, अस्थी रामटेकला अंबाळा तलावात सोडून आले होते.

‘‘मी नाचून राहिलो होतो, मॅडम,’’ एवढंच तो तीन-चारदा म्हणाला.

आणि गोटा? सर्वपित्रीला मेसच्या काकूंनी गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवलं. ते पाहून तो खाली उतरला, कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेला आणि केस काढून टाकले. घरी दहाव्याला वडिलांनी, काकांनी, सगळ्या भावांनी डोकं केलं होतं. त्याचं राहिलं होतं. वर्गात हसले, क्लासवाल्या सरांनी ‘काय बे, तिरुपती का?’ म्हणून विचारलं, त्याने हो म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून तो क्लासला गेला नाही. मेट्रो त्याच्या आधीपासून सुरू होती, पण मधेमधे. आता रोज.

मेट्रोच का, हे मी नंतर विचारलं. आबाजीला मेट्रो दाखवायची होती. आबाजी म्हणाले होते, दिवाळीनंतर बागेचं काम हलकं झालं की येतो.

काय केलं

मी समुपदेशक नाही. त्याची झोप जवळजवळ गेली होती, वजन उतरलं होतं, हे पाहिल्यावर कॉलेजात आठवड्यातून एकदा येणाऱ्या समुपदेशक बाईंकडे त्याला त्याच दिवशी नेलं. त्यांनी पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. कादंबरीने दार उघडलं असेल, पण आत जाऊन बघणं हे शिकलेल्या माणसाचं काम. रात्री-बेरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर म्हणून बाईंनी त्याच्या मोबाइलमध्ये टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक साठवून दिला. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं. हा क्रमांक प्रत्येक रूमच्या दारावर चिकटवलेला असावा असं माझं मत आहे.

राहिले वडील. त्यांना फोनवर सांगणं जमलं नसतं, म्हणून बोलावून घेतलं. आईही आली. आई आधी बोलल्या, ‘‘कळवलं नाही तर सुतक लागत नाई म्हणते ना, मॅडम. आम्ही त्याच्याच भल्यासाठी...’’ आणि पदर तोंडाला लावला.

वडील ताठ होते. ‘‘मले माहीत होतं त्याले लागन म्हणून. म्हणूनच नाई सांगितलं. परीक्षा बुडाली असती. मायाच बाप मेला होता, मॅडम. मी कुठं रडलो? बागेत फळगळ होऊन राहिली होती, फवारणी होती.’’

मला काय बोलावं सुचेना. मग एकदम त्यांचं मागचं बोलणं आठवलं.

‘‘भाऊ, तुम्ही ‘श्यामची आई’ वाचली आहे ना? शेवटी काय होतं त्यात?’’

‘‘माय मरते.’’

‘‘श्याम कुठे असतो तेव्हा?’’

ते उत्तर द्यायला लागले आणि थांबले. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं ते पुस्तक महाराष्ट्रातल्या तीन पिढ्यांनी वाचलंय, त्यावर रडलेत. आपण ते चांगल्या वळणाचं पुस्तक म्हणून पोरांच्या हाती देतो. पण ज्या मुलाला शिक्षणासाठी दूर ठेवलं आणि आईचं शेवटचं दर्शन झालं नाही, त्याने मोठेपणी रात्रीमागून रात्री बसून सांगितलेली ती गोष्ट आहे, हे आपण मोजत नाही. श्याम पोचतो तेव्हा आई गेलेली असते.

वडील खिडकीकडे बघत राहिले. कॉलेजच्या मागे रेल्वेलाइन आहे, एक मालगाडी सावकाश जात होती. ती पूर्ण जाईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘झाडाले ताण देतो ना आम्ही, बहारासाठी. पाणी तोडतो. पण रोज जाऊन पाहा लागते. पानं कोमेजली की समजते, आता बस. लई झाला तर झाडच वाळते.’’ थोड्या वेळाने, ‘‘याची पानं मी पाह्यलीच नाई.’’

हे वाक्य मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं.

नंतर

डिसेंबरात एका रविवारी बापलेक रामटेकला गेले. अंबाळ्याच्या काठावर न्हाव्यासमोर मुलगा पुन्हा बसला. या वेळी वडील बाजूला उभे होते. अस्थी सोडायला उरल्या नव्हत्या. मुलाने आबाजीची तंबाखूची चंची आणली होती, ती पाण्यात सोडायची की नाही यावर दोघांचं थोडं वाजलं, आणि शेवटी ती परत घरी आणली. मुलाने हे सगळं मला हसत सांगितलं, तेव्हा प्रथमच मला त्याचा हसण्याचा आवाज कळला.

अभ्यासाचं म्हणाल तर चमत्कार काही झाला नाही. क्लास सुटला. फीचा हप्ता परत मिळाला नाही, त्यावरून घरात अजून कुरबुर आहे. अकरावी तो जेमतेम पास झाला. बारावीनंतर कृषी महाविद्यालयाचा विचार करतो म्हणतो, आईला अजूनही डॉक्टरच हवा आहे. औषधं तीन महिने घेतली, मग डॉक्टरांनी बंद केली. समुपदेशक बाईंकडे तो महिन्यातून एकदा जातो. आबाजीच्या तिथीला काय होईल याची मला जरा धास्ती आहे, आणि त्या आठवड्यात कोणतीही परीक्षा असली तरी त्याला गावी पाठवायचं हे वडिलांनी आत्ताच ठरवून ठेवलं आहे.

त्याने वर्षअखेरीच्या प्रकल्पासाठी तीन कादंबऱ्यांतल्या नायकांवर लिहिलं. पांडुरंग, होल्डन आणि श्याम. एका जर्मन लेखकाने, गटेने, १७९५-९६ साली विल्हेल्म माइस्टरची गोष्ट लिहिली तेव्हापासून वाढत्या वयाच्या नायकाने जग फिरून शेवटी समाजात आपली जागा शोधावी असा पायंडा पडला, असं मी वर्गात सांगितलं होतं. मुलाने लिहिलं की ते तिघेही जागा शोधत नव्हते, ज्या जागी त्यांनी असायला हवं होतं आणि जिथे ते नव्हते तिथे परत जायचा प्रयत्न करत होते. मी वीसपैकी अठरा गुण दिले. दोन शुद्धलेखनाचे कापले, त्याने त्यावरही हुज्जत घातली.

‘कोसला’ अजून त्यांच्याच घरी आहे. ग्रंथालयाच्या नोंदवहीत मी परतीची तारीख चार वेळा पुढे सरकवली. मागच्या आठवड्यात पुन्हा आठवण केली, तर मुलगा म्हणाला, ‘‘बाबा वाचून राहिले, मॅडम.’’ संध्याकाळी वडिलांचाच फोन आला. मागे मोटरपंपाचा आवाज येत होता.

‘‘मॅडम, अजून आठ दिवस द्या. त्याची मनी मेली तिथं येऊन थांबलो. पुढचं पान काही उलटत नाई.’’